रावसाहेबांचा घास

१

लातूरला पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि माझ्यासारख्या बाया त्यांना जेवू घालतात. क्लासेसच्या मागच्या गल्लीत माझी मेस आहे. सकाळी अंधारातच चांगुणा येते, भाकरी-पोळ्यांचं ती बघते, भाजी-वरणाचं मी. माझ्या मेसचा डबा परत येताना रिकामाच आला पाहिजे असा माझा दंडक आहे. एखाद्या पोरानं भाजी तशीच ठेवली तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर जाते आणि काय कमी पडलं ते विचारते. पोरं मला भितात. भिऊ द्या, पण जेवतात.

डबे गेले की दुपारी घर शांत होतं. मग आम्ही बसतो. आम्ही म्हणजे मी, चांगुणा आणि माझी माय सरजाबाई. मायचा आधी एक कार्यक्रम असतो. ती आपल्या भाकरीचा पहिला तुकडा मोडते, काठी टेकत मागच्या अंगणात जाते, हौदाचं लोखंडी झाकण सरकवते आणि तुकडा आत टाकते. आतून ‘चुप’ असा आवाज येतो. तो ऐकला की ती परत येऊन तिच्या पितळीसमोर बसते. पितळी म्हणजे तिची उंच काठाची जुनी पितळेची थाळी, ती दुसऱ्या ताटात जेवत नाही.

आत रावसाहेब असतात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळे आमच्या गल्लीत घरोघर जमिनीत हौद आहेत आणि डासांच्या अळ्या खायला लोक त्यात बोटभर गप्पी मासे सोडतात. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सगळंच निराळं. ते एसटीत ड्रायव्हर होते. कंधारकडच्या फेरीवरून येताना त्यांनी धरणावरच्या ओळखीच्या माणसाकडून कार्प जातीचं पिल्लू पिशवीत घालून आणलं. ते हातभर वाढलं. तोंडाशी मिशा, चालण्यात मिजास, म्हणून अण्णांनीच नाव ठेवलं रावसाहेब. मागच्या दिवाळीनंतर अण्णा गेले. तेव्हापासून पहिला घास रावसाहेबांना, हा मायचा नेम झाला.

चैत्रातल्या एका दुपारी ‘चुप’ आवाज आला नाही.

माय बराच वेळ हौदापाशी उभी राहिली. मग परत आली, पितळीवर दुसरी थाळी उपडी घातली आणि बाजूला सरकवली.

“त्यानं खाल्लं न्हाई,” ती म्हणाली. “मी बी खात न्हाई.”

२

मायचा हट्ट मला नवा नाही, आणि माझा तिला. मी ठरवलं की माशाला खायला लावायचं. एवढ्या पोरांना वळण लावलं, एका माशाचं काय घेऊन बसलात.

कणकेच्या गोळ्या झाल्या. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक झाला. भिजवलेली डाळ, कोथिंबिरीच्या काड्या झाल्या, चांगुणानं नाक मुरडत गांडुळं आणली तीही झाली. रावसाहेबांनी कशालाच तोंड लावलं नाही. खाणं पाण्यावर तरंगायचं आणि संध्याकाळी मी ते गाळणीनं काढून टाकायचे.

उदगीरचे गुरुपादप्पा रंगीत माशांचं दुकान चालवतात. त्यांचा मुलगा माझ्याकडे जेवायला होता, त्या ओळखीवर मी त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, पाण्यात मूठभर जाडं मीठ टाका, खाणं दोन दिवस बंद ठेवा. आणि आधी एक बघा, म्हणाले. उपाशी माशाचं पोट आत जातं, पाठ धारदार होते आणि डोकं मोठं दिसायला लागतं. तसं झालं असेल तर आतून आजार आहे.

हौद अर्धा अंगणात आणि अर्धा स्वयंपाकघराच्या फरशीखाली आहे. घर बांधताना जागा कमी पडली म्हणून तसा केलेला. त्यामुळे झाकण उघडलं तरी आतलं पुढचं टोक अंधारातच राहतं. विहिरीत पडलेली बादली शोधायला करतात तसं केलं. चांगुणाला आरसा घेऊन उन्हात उभं केलं आणि तिनं उन्हाचा कवडसा आत पाडला.

रावसाहेब स्वयंपाकघराखालच्या कोपऱ्यात होते. भिंतीला तोंड लावून, आमच्याकडे शेपटी करून उभे. पोट आत गेलेलं नव्हतं. उलट ते चांगले भरले होते, नेहमीपेक्षा जाडच. आणि तोंड हलत होतं. मिटायचं, उघडायचं, मिटायचं.

“हे तर खाऊन राहिलं की ताई,” चांगुणा म्हणाली.

मी म्हटलं, भिंतीवरचं शेवाळ खात असेल. बोलताना मला ते पटलंही होतं. पण हौदाच्या त्या कोपऱ्यात ऊन कधीच पोचत नाही, आणि ऊन नसेल तिथे शेवाळ धरत नाही, हे मला भांडी घासताना आठवलं.

३

माय चहा पीत होती, बाकी काही नाही. तिच्या आवडीची धपाटी केली, ताकातली भाकरी कालवून दिली, रागावले, रडले. ती शांतपणे म्हणायची, त्यानं खाल्लं की खाईन. ऐंशीच्या आसपासची बाई, असं किती दिवस काढणार? अण्णांना जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि मायही अशीच माझ्या हातातून निसटणार, असं मला वाटायला लागलं. एका सकाळी मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, वजन केलं आणि माझ्याकडे जरा नाराजीनं पाहिलं. आजींना उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं ना, म्हणाल्या. रक्तातली साखर पोटभर जेवून आल्यावर असते तशी होती. वजन मागच्या खेपेपेक्षा वाढलं होतं. मी सांगितलं की ती कित्येक दिवस जेवलेली नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, म्हातारी माणसं चोरून खातात, डबे तपासा.

मला खरं तर हायसं वाटलं. चोरून का होईना, खातेय. रिक्षात मी तिचा हात हातात घेतला. बोटं तेलकट होती आणि नखांत हिरवट काहीतरी अडकलं होतं. मी वास घेतला. अंबाडीची भाजी होती, लसणाच्या फोडणीची.

अंबाडी मी मेसमध्ये करत नाही, पोरांना आंबट चालत नाही. आणि चैत्रात लातूरच्या बाजारात अंबाडीची पेंडी मला कुणी दाखवावी.

घरी आल्यावर मी फडताळ, कणगी, मायची पत्र्याची पेटी, सगळं उलथंपालथं केलं. खाण्याची एक वस्तू सापडली नाही. फक्त एक गोष्ट जागेवर नव्हती. मायची पितळी.

“माय, पितळी कुठंय तुजी?”

तिनं हनुवटीनं फरशीकडे खूण केली.

“तिकडं हाय,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

४

आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. अण्णा म्हणायचे, भीती वाटली की आधी दिवा लावून बघायचं, मग काय ते बोलायचं. म्हणून चांगुणानं जेव्हा तिच्या गावच्या कुण्या जाणत्याचं नाव काढलं, तेव्हा मी तिला गप्प केलं आणि डोकं चालवत बसले.

माय गुडघ्यानं अधू आहे. ऑपरेशन झालं तेव्हापासून डावा पाय वाकत नाही, जेवायला बसली तरी तो लांब सोडावा लागतो. हौदात उतरायची लोखंडी शिडी मलाच धड जमत नाही. तेव्हा माय खाली जात नाही हे नक्की. भाजी कुणी शेजारीण देत असेल. पितळी तिच्या हातून हौदात पडली असेल. माशाला एखादा बेडूक मिळत असेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. एवढी सगळी कारणं एकाच वेळी लागावीत हेच मला टोचत होतं.

त्या दुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, शेजारची पिठाची गिरणी थांबली. माय आतल्या खोलीत झोपली होती. चांगुणा घरी गेली होती. मी स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झाले, गार लागते म्हणून.

कानाखाली आवाज आला. पितळेची थाळी सिमेंटवरून सरकवल्याचा. मग थोडा वेळ काही नाही. मग भाकरी मोडल्यासारखं काहीतरी, आणि चावणं. सावकाश, मन लावून केलेलं जेवण. शेवटी ताटात पाणी ओतून हात धुतात तो आवाज. जुनी माणसं तशीच जेवतात, मी लहानपणापासून ऐकत आलेय.

पाण्यानं भरलेल्या हौदात ताटात पाणी कसं ओतता येईल, हा विचार मला उठून बसल्यावर आला. मी तशीच आतल्या खोलीत गेले. माय गाढ झोपली होती. तिनं झोपेत एक मोठी ढेकर दिली.

मी भ्याले, हे कबूल करते. अण्णांची आठवण आली, अण्णाच तर नसतील, असंही मनात येऊन गेलं आणि क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग लक्षात आलं की अण्णांनी जन्मात अंबाडीला हात लावला नव्हता.

५

मी ठरवलं, हौद रिकामा करायचा.

लातुरात ही गोष्ट सहज बोलायची नाही. दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष ज्यानं पाहिलंय तो तांब्याभर पाणीही अंदाज घेऊन सांडतो. हौद धुवायचा झाला तरी आमच्यात तळाला वीतभर जुनं पाणी ठेवूनच धुतात, नवं पाणी आलं की ते त्याच्यात मिसळतं. मायनं तर मला पुष्कळदा बजावलं होतं की हौदाचा तळ उघडा करायचा नाही. का, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

नळ यायच्या दिवशी सकाळीच डबे आवरले. मोटार लावली आणि गल्लीत सांगून आले, पाणी न्या. बाया घागरी, बादल्या, पिंपं घेऊन आल्या. मनिषाला वेड लागलं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण पाण्याला कोण नाही म्हणतो? पाणी गुडघाभर उरलं तेव्हा मी शिडीनं खाली उतरले आणि चादरीत धरून रावसाहेबांना वर दिलं. चांगुणानं त्यांना अर्ध्या कापलेल्या काळ्या टाकीत, जांभळीच्या सावलीत सोडलं. मग उरलेलं पाणीही मी बादलीनं उपसायला लावलं. तळ उघडा पडेपर्यंत.

माय ओसरीवर बसून बघत होती. तिनं मला अडवलं नाही. फक्त म्हणाली, “मने, खालचं काई खाऊ नको.”

मी म्हटलं, खाली खायला काय ठेवलंय, गाळ? आणि खराटा घेऊन पुन्हा उतरले.

६

खाली गार होतं. घराखालच्या बाजूला वाकून जावं लागत होतं. वरून चांगुणा आरशानं कवडसा पाडत होती आणि तो माझ्या पुढे पुढे भिंतीवरून सरकत होता. तळाला लोण्यासारखा मऊ गाळ बसला होता.

कोपऱ्यातल्या गाळावर बसल्याच्या खुणा होत्या.

एक जण मांडी घालून बसला होता, पण डावा पाय लांब सोडून. टाचेची खाच स्पष्ट होती. त्याच्या समोर दुसरी खूण होती, रुंद, खोल रुतलेली, पुरी मांडी घातलेली. त्या खुणेच्या मागे भिंत इतकी लगत होती की तिथे बसणाऱ्याला पाठ ठेवायला जागाच नव्हती. मी ते दोनदा हात लावून पाहिलं. वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

दोघांच्या मधे, बाजूला, मायची पितळी होती. स्वच्छ घासलेली. तिच्यासमोरचा गाळ गुळगुळीत होता, तिथे अजून कुणी बसलं नव्हतं. पितळीत ज्वारीची भाकरी होती आणि अंबाडीची भाजी होती. भाजीतून वाफ निघत होती.

आता जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं मी मोठमोठ्या पातेल्यांसमोर उभी आहे. भाजी दिसली की माझं बोट तिच्यात जातं आणि तोंडात जातं, मीठ बघायला. हे मी करत नाही, हात करतो. बोलता बोलता, भांडता भांडता, तापानं फणफणलेली असतानाही माझ्या हातानं हे केलंय. तिथेही केलं.

मीठ बरोबर होतं. इतकं नेमकं मीठ माझ्या हातून कधी पडलेलं नाही.

तेवढ्यात वर अंगणात ‘चुप’ असा आवाज झाला आणि चांगुणा ओरडली की ताई, रावसाहेबानं भाकर खाल्ली. ती तिकडे वळली असणार, कारण तिच्या हातातला आरसा हलला आणि कवडसा माझ्या समोरच्या भिंतीवरून झपकन गेला. जाता जाता त्यात मला एक हात दिसला. मनगटापर्यंतच. पाचही बोटं जुळवून घास धरलेला, लहान मुलाला भरवताना धरतात तसा, माझ्या तोंडाच्या उंचीला.

कवडसा परत आला तेव्हा तिथे नुसतं सिमेंट होतं, आणि त्यावरून पाण्याची एक रेघ खाली ओघळत होती.

मी खराटा तिथेच टाकला. शिडी कशी चढले ते आठवत नाही, नडगी सोलून निघाली होती एवढं खरं. वर आले तर माय चांगुणाच्या शेजारी फतकल मारून बसली होती, एक पाय लांब सोडून, आणि स्टीलच्या ताटात वरण-भाकरी कुस्करून खात होती. भुकेल्या माणसासारखी, हात चाटत. मला इतका आनंद झाला की मी तिच्या डोक्याला डोकं लावून रडले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचा घास हातातच थांबला.

“खाल्लंस का?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले.

७

संध्याकाळी नळ आला आणि हौद भरला. दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावला आणि झाकण सिमेंटनं बुजवून टाकलं. गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या बसवल्या. गल्लीतल्या बायांना सांगितलं की हौदाला तडा गेलाय. पितळी आतच राहिली.

रावसाहेब आता जांभळीखालच्या टाकीत असतात आणि दणकून खातात. माय रोज त्यांना घास घालते, ‘चुप’ ऐकते. वजन थोडं उतरलं तिचं, तर डॉक्टरीणबाई खूश झाल्या. माझी माय मला परत मिळाली. मी जिंकले, असंच मी म्हणते.

फक्त मला भूक लागत नाही. सकाळी उठते तेव्हा पोट भरलेलं असतं, दुपारी जास्तच. पोटात ज्वारी आणि अंबाडी जड होऊन बसलेली असते. माझ्या भाज्यांचं मीठ मला कळेनासं झालंय, ते आता चांगुणा चाखते. ब्लाउज घट्ट झालेत. पहिल्या दिवसांत मी जेवायचंच सोडून दिलं होतं, कारण जागाच नव्हती. पण मायनं ते दोन दिवसही चालू दिलं नाही.

ती आता रावसाहेबांना घास घालून येते, ताटासमोर बसते आणि थांबते. एकदा चांगुणा पाणी आणायला उठली होती तेव्हा ती माझ्याकडे वाकली.

“तिकडच्या भाजीला मीठ लई नेमकं असतंय,” ती हळू म्हणाली. “मला म्हाईत हाय. म्हणून तर खाऊ नको म्हणले व्हते. आता तू तुज्या हातचं खाल्ल्याबिगर मी घास तोडायची न्हाई.”

आणि ती तोडत नाही. एकदा मी हट्टानं बसून राहिले तर तिनं दिवे लागेपर्यंत ताटाला हात लावला नाही. नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. मला माहीत आहे, माझ्यानं झालं नाही तर ती पुन्हा उपाशी राहील, आणि मग तिला जेवू घालायला खाली कुणीतरी आहेच.

म्हणून मी रोज दुपारी फरशीवर पाट मांडते आणि बसते. डबे गेलेले असतात, घर शांत असतं. फरशीखालून पितळी सरकत आल्याचा आवाज येतो. आधी तो कोपऱ्यातून यायचा. हल्ली ती माझ्या पाटाच्या बरोबर खाली येऊन थांबते. चांगुणाला तो ऐकू येत नाही. मायला येतो, तिची मान थोडी कलते.

मी भाकरीचा तुकडा मोडते. माझ्या हातची भाजी, जिची चव मला लागत नाही, तिच्यात बुडवते. तोंडात घालते आणि चावत राहते. मी डोळे मिटून गिळते. माय माझ्या गळ्याकडे बघत असते. घास खाली उतरला अशी तिची खात्री झाली की मग ती आपली भाकरी मोडते.

ताटात अजून अर्धी भाकरी असते. ती मी संपवते. माझ्या घरातून ताट भरलेलं परत गेलेलं नाही.